आउटपुट शाफ्ट बदलायचाय? आधी गाडीखाली झोपा

ट्रान्स्फर केसचं कन्व्हर्जन निवडताना काय करावे, काय टाळावे

लिफ्ट किट बसली, गाडी चार बोटं उंच झाली, फोटोही काढून झाले. आणि नेवासा फाट्यावरून नगरच्या दिशेने साठचा वेग गाठला की सीटखालून थरथर सुरू. गॅरेजवाला म्हणतो क्रॉस गेला. मित्र म्हणतो शाफ्ट बॅलन्स करून घे. मोबाइलवरचा अमेरिकन व्हिडिओ सांगतो, ट्रान्स्फर केसचा आउटपुट शाफ्टच बदलून टाक. तिघांपैकी कोण बरोबर, हे खिशात हात घालण्याआधी ठरवायचं असतं.

आधी हा बदल काय आहे ते थोडक्यात. काही फोर-बाय-फोर गाड्यांत मागचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्स्फर केसला बोल्टने जोडलेला नसतो. केसमधून एक लांब आउटपुट शाफ्ट बाहेर येतो आणि त्याच्या स्प्लाइनवर प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा स्लिप योक पुढे-मागे सरकतो. गाडी उंच केली की शाफ्ट तिरपा होतो, योक बाहेर ओढला जातो, गाडी थरथरते आणि सील तेल सोडायला लागतं. म्हणून तो लांब शाफ्ट काढून त्याजागी आखूड, पक्क्या योकचा किंवा फ्लँजचा शाफ्ट बसवतात. सरकण्याचं काम प्रोपेलर शाफ्टच्या आतल्या स्प्लाइनकडे जातं. केसचं शेपूट आखूड झाल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट तेवढाच लांब घेता येतो आणि त्याचा तिरपेपणा कमी होतो. या किटला 'स्लिप योक एलिमिनेटर', बोलण्यात 'एसवायई' म्हणतात.

हे औषध एका ठरावीक आजारावरचं आहे. तो आजार आपल्या गाडीला आहे की नाही, हे पाहण्यासाठी ही यादी.

१. गाडीखाली गेल्यावर

करा

- ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी नीट पाहा. चार बोल्टांचा फ्लँज दिसला, किंवा क्रॉस यू-बोल्टने आवळलेला दिसला, तर तुमचं आउटपुट आधीच पक्कं आहे. बोल्ट कुठेच नाहीत आणि गुळगुळीत नळी थेट सीलमध्ये शिरते आहे, तर तो स्लिप योक.
- प्रोपेलर शाफ्टचा मधला भागही पाहा. तिथे स्प्लाइनचा जोड, त्यावर रबरी बूट किंवा ग्रीसचं निप्पल असेल, तर सरकण्याची सोय शाफ्टमध्येच आहे.
- केसवरची धातूची पट्टी किंवा बिल्ला पुसून त्याचा फोटो काढा. मॉडेल, गुणोत्तर, नंबर सगळं त्यावर असतं. किट त्या नंबरावर मागवायची असते, गाडीच्या नावावर नाही.
- गाडीची जात ओळखा. विलिस आणि तिच्या वळणाच्या सुरुवातीच्या महिंद्रा जीपमध्ये मागचं आउटपुट पक्कंच असतं. हँडब्रेकचा ड्रमही त्याच ठिकाणी, ट्रान्स्फर केसच्या पाठीला बसवलेला असतो. मारुती जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते. मध्ये एक छोटा शाफ्ट, पुढे एक, मागे एक, असे तीन शाफ्ट ट्रान्स्फर केसला फ्लँजने जोडलेले असतात. या दोन्ही गाड्यांना एसवायईची गरजच पडत नाही.

टाळा

- "जीप आहे ना, मग लागणारच" हा हिशेब. १९९७ ते २००६ दरम्यानच्या टीजे रँग्लरमध्ये २३१ ट्रान्स्फर केस आणि मागे स्लिप योक असायचा. बहुतेक व्हिडिओ त्या गाड्यांवरचे आहेत. त्याच मालिकेतल्या रुबिकॉनला कंपनीनेच पक्कं आउटपुट दिलं होतं. नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावात २०२१ पासून जोडली जाणारी नवी रँग्लरही पक्क्या फ्लँजचीच.
- थार, स्कॉर्पिओ, बोलेरो यांच्याबद्दल ऐकीव माहितीवर पैसे मोजणं. नाव एकच राहतं, पण पिढीगणिक केस, गिअरबॉक्स आणि शाफ्ट बदलत जातात. २०१० च्या थारचा अनुभव २०२० च्या थारला लावू नका.
- नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं. चाकांना दगड किंवा ओंडका, खाली जॅक स्टँड, मगच आत. शेतातल्या भुसभुशीत मातीत जॅक लावायचाच नाही.

२. थरथर कुठली, ते ओळखताना

करा

- थरथर कशाबरोबर वाढते ते तपासा. त्याच वेगाला गिअर बदलूनही तशीच राहिली, तर शाफ्ट, चाकं किंवा डिफरन्शियल यांपैकी काहीतरी. गाडी उभी असताना नुसती रेस केल्यावर आली, तर इंजिनाचे माउंटिंग बघा. फक्त स्टिअरिंग हलत असेल, तर पुढची चाकं आणि बॉल जॉइंट.
- रेस देताना आणि रेस सोडल्यावर फरक पडतो का, याकडे लक्ष द्या. रेस देताना पिनियनचं तोंड वर उचललं जातं. नेमकी तेव्हाच थरथर वाढत असेल, तर कोनाचा संशय घ्या.
- क्रॉसच्या चारही टोप्या निरखा. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, की आतलं ग्रीस संपून सुया घासायला लागल्या आहेत. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना 'टक्' असा आवाज येणं हीदेखील त्याचीच खूण.
- पुढचा शाफ्ट काढून ठेवा आणि टू-व्हीलमध्ये एक फेरी मारा. थरथर गेली तर दोष पुढच्या शाफ्टचा. पन्नास रुपयांच्या ग्रीसमध्ये किंवा एका क्रॉसमध्ये काम भागलं, तर किटचा विषय तिथेच संपतो.
- तपासणीआधी गाडी खालून धुवा. नेवाशाची काळी माती शाफ्टच्या एका अंगाला चिकटून वाळली, की शाफ्ट तेवढ्यानेही बॅलन्सबाहेर जातो. चिखलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू झालेली थरथर बऱ्याचदा पाण्याच्या पाइपानेच जाते.

टाळा

- टायर बदलले त्याच आठवड्यात शाफ्टला दोष देणं. आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग बाकीचं.
- मागचा स्लिप योक काढून गाडी चालवून बघणं. योक निघाला की केसचं तोंड उघडं पडतं आणि तेल रस्त्यावर सांडतं.

३. उंची वाढवल्याचा हिशेब मांडताना

करा

- कोणती उंची वाढली ते वेगळं काढा. मोठे टायर लावले तर अख्खी गाडीच वर जाते, शाफ्टचा कोन बदलत नाही. चॅसिस आणि बॉडी यांच्यात ठोकळे टाकले, तरी कोन तोच राहतो. कमानी किंवा कॉइल बदलून उंची घेतली, तरच कोन वाढतो. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर घेतले, तर तो सर्वाधिक वाढतो.
- वहीवर आकडे मांडा. समजा, मागचा शाफ्ट ६० सेंटीमीटर लांब आहे आणि केस ते पिनियन उतार १५ सेंटीमीटर. कोन साधारण साडेचौदा अंश. तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटीमीटर उंची वाढवली, की तोच कोन २२ अंशांवर जातो. शाफ्ट ९० सेंटीमीटरचा असता, तर तीच उंची वाढवूनही कोन साडेचौदाच्या आसपास राहिला असता. म्हणून आखूड गाडीला हे दुखणं आधी लागतं आणि लांब गाडीला उशिरा.
- स्वस्त उपायाचाही हिशेब करा. वरच्याच उदाहरणात गिअरबॉक्सचा आडवा बीम एक इंच खाली घेतला, तर कोन साडेएकोणीसवर येतो. एसवायईमुळे शाफ्ट १० सेंटीमीटरने लांबला, तर तो पावणेएकोणीसच्या जवळ जातो. फरक एका अंशाचाही नाही. बीम खाली घेण्यात पोटाखालची एक इंच जागा जाते, हा तोटा. दगडांवर जाणाऱ्याला तो जाणवतो, शिवारात फिरणाऱ्याला फारसा नाही.

टाळा

- "जितकी उंच, तितकी भारी" या हट्टापायी आधी चार इंचांची लिफ्ट आणि मागाहून दुखण्यावर इलाज. गरज दोन इंचांची असेल तर दोनच घ्या. पुष्कळदा त्यात आउटपुट शाफ्टला हातही लावावा लागत नाही.
- नवे पाटे बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी माप घेणं. काहीशे किलोमीटर चालल्यावर ते बसतात, मग खरी उंची कळते.

४. किटचा प्रकार निवडताना

करा

- दोन प्रकार समजून घ्या. पहिल्यात केस पूर्ण उघडून नवा, जाड, आखूड मेन शाफ्ट घालतात. दुसऱ्यात जुनाच शाफ्ट जागेवर कापतात, त्याच्या टोकाला भोक पाडून आटे पाडतात आणि फ्लँज एका बोल्टने आवळतात. पहिला महाग आणि मजबूत, दुसरा स्वस्त आणि झटपट.
- गाडी लो रेंजमध्ये खरंच राबणार असेल तर पहिलाच घ्या. समजा, इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४ पट आणि लो रेंज अडीच पट. प्रोपेलर शाफ्टवर २,५०० न्यूटन-मीटर येतात. चाक दगडाला अडलं आणि पाय रेसवर असला, की हा सगळा पीळ त्या शाफ्टवर पडतो.
- स्पीडोमीटरचं काय होणार ते आधी विचारा. बऱ्याच केसमध्ये त्याचा गिअर किंवा सेन्सर मागच्या हाउसिंगमध्येच असतो. किटमध्ये त्याची सोय नसेल, तर काटा शून्यावर बसेल.
- हाउसिंग, सील, बेअरिंग, सर्कलिप, योकचा नट आणि बोल्ट किटमध्ये येतात का, याची यादी लेखी घ्या. सर्कलिपसाठी दोन आठवडे गाडी स्टँडवर उभी ठेवायची वेळ यायला नको.
- पुढे लागणारे क्रॉस आणि सील नगर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत ना, ते पाहून मगच योक निवडा. किट एकदाच येते, क्रॉस पुन्हापुन्हा लागतो.

टाळा

- लेथवर साध्या एमएस बारमधून आउटपुट शाफ्ट बनवून घेणं. दिसायला हुबेहूब निघेल, पण कठीणपणा कुठून आणणार? असा शाफ्ट ईएन २४ सारख्या मिश्रधातूच्या पोलादाचा हवा, योग्य हीट ट्रीटमेंट केलेला आणि मशीनवर स्प्लाइन पाडलेला.
- तुटलेल्या स्प्लाइन शाफ्टला वेल्डिंग करून पुन्हा घालणं. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद मऊ पडतं. पुढच्या वेळी तो तिथेच तुटेल आणि केसचं ॲल्युमिनिअमही फोडेल.
- परदेशातून मागवताना फक्त वेबसाइटवरची किंमत बघणं. वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरून बेरीज करा. चुकीचा नंबर आला तर परत पाठवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीला भिडतो.

५. प्रोपेलर शाफ्ट ठरवताना

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण किटवर खर्च करून लोक शाफ्टवर काटकसर करतात.

करा

- क्रॉसचा स्वभाव समजून घ्या. एक क्रॉस तिरपा फिरला, की पुढच्या टोकाचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. १० अंशांना हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास, २० अंशांना सहा टक्के, ३० अंशांना तेरा ते पंधरा टक्के. थरथर यातूनच येते.
- दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेला साधा शाफ्ट असेल, तर केसचं तोंड आणि पिनियनचं तोंड समांतर ठेवा. एका क्रॉसची चूक दुसरा भरून काढतो.
- केसच्या बाजूला डबल क्रॉसचा, म्हणजे सीव्ही शाफ्ट घेतला, तर नियम उलटा. पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत करा. रेस दिल्यावर ते वर उचललं जातं, म्हणून एक-दोन अंश खाली ठेवा. पाट्यांची गाडी असेल तर अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर घालून हा कोन मिळवतात. पाचर पोलादाची घ्या, ॲल्युमिनिअमची चिरडते.
- पिनियन वर फिरवल्यावर डिफरन्शियलच्या तेलाची पातळी पुन्हा विचारात घ्या. पिनियनचं पुढचं बेअरिंग उंच जातं, त्याला तेल पोहोचायला हवं.
- लांबी किट आणि लिफ्ट दोन्ही बसल्यावर मोजा. गाडी चाकांवर उभी असताना एकदा, चाक पूर्ण लोंबकळत असताना एकदा, आणि पूर्ण दाबलेलं असताना एकदा. लोंबकळताना स्प्लाइन सुटू नये, दाबल्यावर शाफ्ट तळाला टेकू नये.
- शाफ्ट मशीनवर डायनॅमिक बॅलन्स करून घ्या आणि पावती मागा. ३० इंची टायर आणि ४.१ चं डिफरन्शियल धरलं, तर ताशी ८० ला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे २,३०० फेरे घेतो. त्या वेगाला एका बाजूचं थोडं जास्तीचं वजनही सीटपर्यंत जाणवतं.

टाळा

- जुनाच शाफ्ट कापून, मध्ये नळी घालून, डोळ्यांनी सरळ बघून वेल्ड करणं.
- स्प्लाइन एक दात पुढे-मागे जोडणं. साध्या शाफ्टवर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. उघडण्याआधी रंगाची किंवा पंचची खूण करा.
- गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत असताना घेतलेल्या एकाच मापावर शाफ्टची ऑर्डर देणं.
- सेफ्टी हूपला 'नसला तरी चालेल' म्हणणं. पुढचा क्रॉस तुटला आणि शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं, तर गाडी मागून उचलली जाते. लोखंडी पट्टीचा एक हूप ते टोक वर धरून ठेवतो.

६. केस उघडल्यावर

करा

- काम धूळ नसलेल्या जागी करा. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या शेडमध्ये केस उघडून ठेवली, तर संध्याकाळपर्यंत आत धुरळा बसलेला असतो.
- उघडलीच आहे तर साखळी सैल झाली आहे का, शिफ्ट फोर्कच्या गाद्या झिजल्या का, बेअरिंगमध्ये खड्डे आहेत का, हेही पाहा. पुन्हा उघडण्यापेक्षा आत्ता बदलणं स्वस्त.
- काढलेला प्रत्येक भाग ओळीने कापडावर मांडा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. कुठली वायसर कुठल्या तोंडाने होती, हे दोन तासांनी कोणालाच आठवत नाही.
- योकचा नट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या मापाने आवळा. फ्लँजचे बोल्ट नवे घ्या.
- तेल पुस्तकात दिलेलंच. विलिस जातीच्या जुन्या स्पायसर १८ केसला गिअर ऑइल लागतं, टीजेच्या २३१ ला ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल. एकाचं दुसऱ्यात घालू नका.

टाळा

- सीलंट बोटभर जाड फासणं. आत दाबलं गेलेलं सीलंट सुटून तेलाच्या जाळीत अडकतं.
- सील हातोडीने तिरकं ठोकणं. तेवढ्याच व्यासाची नळी किंवा सॉकेट लावून सगळीकडून सारखं बसवा.
- "इथवर आलोय तर लो रेंजचे गिअरही बदलू" असं एकाच दिवशी सगळं करणं. एक बदल करा, चालवून बघा, मग दुसरा. नाहीतर नवा आवाज कुठून येतो, हे शोधता शोधता महिना जाईल.

७. पहिली फेरी आणि पहिला महिना

करा

- पहिली फेरी रिकाम्या गाडीने. आधी ४०, मग ६०, मग ८०. प्रत्येक वेगाला रेस सोडून बघा. परतल्यावर फ्लँज, सील आणि केसच्या खालची जमीन तपासा, तेलाचा थेंब आहे का ते पाहा.
- साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. क्रॉस आणि स्प्लाइनला ग्रीस भरा. डबल क्रॉसच्या मधल्या बॉलला वेगळं निप्पल असेल तर तिथे सुईचं नोझल लागतं. बहुतेक गॅरेजमध्ये तेच विसरतात आणि तोच भाग आधी मरतो.
- फेरीची वेळ निवडा. शनी अमावस्येला शिंगणापूरच्या रस्त्यावर, किंवा गाळप सुरू असताना रात्री सोनई-भेंडे भागात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून टेस्ट घ्यायची नसते.

टाळा

- कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून 'नवा शाफ्ट कसा चालतो' ते बघणं. पार्ट-टाइम केसमध्ये पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, केसला मोकळीक नसते. सगळा पीळ शाफ्ट आणि क्रॉसवर साठतो.
- थोडी थरथर उरली म्हणून 'होईल सवय' म्हणणं. ती थरथर सील आणि पिनियनचं बेअरिंग खात असते.

८. नेवाशाच्या शिवारात वापरताना

करा

- उसाच्या फडातून बाहेर आलात की खाली वाकून पाहा. पाचट, सुतळी आणि ठिबकची तुटलेली लॅटरल शाफ्टला गुंडाळली जाते. लॅटरलचा पीळ आउटपुट सीलपर्यंत सरकला, तर सीलची कड कापून टाकतो. चाकूने कापून काढा, गाडी उलटी चालवून नाही. गरम सायलेन्सरवर अडकलेलं सुकं पाचट पेटतं, तेही लगेच काढा.
- ब्रीदरची नळी उंच न्या. कालव्याच्या चारीतून किंवा प्रवरेच्या पात्रातून जाताना गरम केस थंड पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर वर असेल तर ती हवा ओढते. पाण्यातून आल्यावर तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.
- पक्क्या फ्लँजचा एक खरा फायदा लक्षात ठेवा. मागचा क्रॉस तुटला, तर मागचा शाफ्ट खोलून, फोर-व्हील हायमध्ये टाकून, पुढच्या शाफ्टवर हळूहळू घरी येता येतं. स्लिप योकच्या गाडीत हे करताना तेल सांडतं. किट घ्यायचीच असेल, तर दूरच्या शिवारात फिरणाऱ्यासाठी हाही एक जमेचा मुद्दा.
- गाडीत एक जादा क्रॉस, चार बोल्ट, सर्कलिपची पक्कड आणि ग्रीसगन ठेवा.

टाळा

- विलिस जातीच्या जीपचा मागचा शाफ्ट काढून हँडब्रेकवर विसंबणं. ड्रम ट्रान्स्फर केसच्या पाठीला आहे, त्यामुळे शाफ्ट नसताना हँडब्रेक मागच्या चाकांपर्यंत पोहोचतच नाही. चाकाला दगड लावा.
- ओल्या रेगडीत रुतल्यावर चाकं फिरवत बसणं. एक चाक अचानक घट्ट जमिनीला लागलं, की जो झटका बसतो त्यात सर्वांत अशक्त भाग तुटतो. खोरं घ्या, चाकापुढची माती काढा, मग हळू रेस द्या.

९. कागदपत्रांच्या बाबतीत

करा

- लिफ्ट किंवा मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांना मर्यादा घालतं. आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.
- विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरने शोधून काढलेला बदल क्लेमच्या आड येऊ शकतो.
- किट, शाफ्ट आणि बॅलन्सिंगची बिलं एका फायलीत ठेवा. गाडी विकताना ती दाखवा.

टाळा

- "आतला शाफ्ट कोण बघतो" हा भरवसा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.
- नगरला व्हीआरडीई आहे, तिथून शिक्का मिळेल, ही समजूत. संरक्षण खात्याची ही संस्था केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालच्या अधिकृत तपासणी संस्थांपैकी आहे, पुण्याच्या एआरएआयसारखीच. पण त्या नियमाखाली तपासले जातात ते उत्पादक आणि आयातदारांचे नमुने. घरच्या गाडीवर केलेल्या बदलाला मान्यता देण्याचा तो मार्ग नव्हे.

किट घ्यावी की नाही?

मागे स्लिप योक, आखूड गाडी, कमानी किंवा कॉइल बदलून तीन इंचांपेक्षा जास्त वाढवलेली उंची, आणि क्रॉस-चाकं-बॅलन्सिंग सगळं तपासूनही राहिलेली थरथर: या चारही गोष्टी जुळल्या तर पूर्ण मेन शाफ्टची किट आणि डबल क्रॉसचा शाफ्ट घ्या, आणि दोन्हींचे पैसे एकाच वेळी बाजूला काढा. शाफ्टसाठी पैसे उरत नसतील तर किटही थांबवा. चारपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर एक ग्रीसगन घ्या आणि उरलेल्या पैशांचं डिझेल भरा.